प्ले

कुपवाडच्या एमआयडीसीत शेड नंबर सतरा,
पत्र्याखाली चार लेथ, एक ड्रिल,
आणि हजेरीच्या वहीत ‘प्रणोती लोंढे’ पुढं
लाल शाईतलं उशीर, उशीर, उशीर.

आयटीआयचं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून घेतलं होतं.
सवयींचं तसं काही करता येत नाही.

जानेवारीत हरभट रोडवरून डायरी आणली.
पहिल्या पानावर पट्टीनं रेघा मारून:
पाचला उठणे. सूर्यनमस्कार बारा.
इंग्रजीचे दहा शब्द. नऊनंतर मोबाइल बंद.
चहा एकच.
अक्षर इतकं देखणं काढलं
की वाटलं, झालंच काम.
दहा तारखेच्या पानावर वाण्याचा हिशेब आहे.
त्यापुढं आईनं भडंगाच्या मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवलंय.

दस्तगीर मुलाणी, चौतीस वर्षं एकाच लेथवर.
त्यांना घाई करताना कुणी पाहिलं नाही
आणि त्यांचा जॉब रिजेक्ट झालेलाही.
नाही, एकदा झाला होता.
तो त्यांनी खिळ्याला टांगून ठेवलेला,
ब्रशच्या शेजारी, रोज दिसेल असा.

भोंगा साडेपाचचा.
पाच वीसला ते मशीन थांबवत,
लोखंडाचा कीस झाडत,
बेडवरून तेलाचा हात फिरवत,
व्हर्निअर पुसून डबीत निजवत,
आणि उद्याचा पहिला तुकडा
आजच चकात धरून ठेवत.
‘सकाळी माणूस आळशी असतोय,
त्याला इचारायचंच न्हाई काय करू म्हणून.
जॉब लावलेला दिसला की हात आपसूक जातोय.’

मार्चमध्ये एका सकाळी माझे सहा बुश वाया गेले.
हँडल उलट फिरवत होते,
डायलवर आकडे सरकत होते,
टूल जागचं हलत नव्हतं.
‘मशीन खराब आहे,’ मी म्हणाले.
आणि थोड्या वेळानं, ‘नाहीतर मीच.’

ते आले. हँडलला हात लावला नाही.
‘फिरव हळू. आणखी. आणखी.
हां, आता बघ, हाललं.
ह्याला प्ले म्हणत्यात, पोरी.
स्क्रू आन् नटाच्या मधली मोकळी जागा.
दिशा बदललीस की पयलं फिरणं
समदं त्या ढिलाईत जातंय.
आकडं पळत्यात, टूल गप.
मशीन जेवढं जुनं तेवढा प्ले जास्त.
आन् मधनंच माघारी फिरलीस
तर ती ढिलाई परत पयल्यापास्नं काढायची.’

ते बुशबद्दलच बोलत होते.
मी नऊ जानेवारीबद्दल ऐकत होते.

नवी डायरी आणली नाही.
त्या संध्याकाळी फक्त दहा मिनिटं आधी मशीन थांबवलं,
झाडलं, पुसलं,
आणि उद्याचा एक तुकडा चकात धरला.

एप्रिलभर काही हललं नाही.
बुधगावच्या चढाला सायकल तशीच दमायची,
वहीतली लाल शाई तशीच.
दोनदा विसरले. एकदा मुद्दाम विसरले.
मेमध्ये कधीतरी
डबा ठेवायच्या आधीच हात चकाकडं गेला
आणि मग कळलं की गेला.
लाल शाई थांबली ती तारीख वहीत असेल.
मी काढून पाहिली नाही.
चहा अजून चार होतात.

दस्तगीरमामा रिटायर झाले त्या दिवशी
शाल, नारळ, मालकांचं भाषण, पेढे.
पाच वीसला त्यांनी शाल घडी करून स्टुलावर ठेवली
आणि कीस झाडायला लागले.
बेडवरून हात. व्हर्निअर डबीत.
मग कपाटातून एक तुकडा घेऊन
चकात धरला, चावीनं आवळला.
उद्या ते येणार नव्हते.

सकाळी तो जॉब माझ्याकडं आला.
जुनं मशीन.
हँडल अर्धा फेरा
नुसतंच फिरलं.
मी फिरवत राहिले.